नोटपॅड, गिटहब पेजेस आणि नववी ब : वर्गात वेबसाइट करून घेतल्या त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली बाई नाही. नवी मुंबईत नेरूळला मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि लॅबचे सर रिटायर झाले तेव्हा "तुम्हाला मोबाइल नीट येतो ना" एवढ्याच पात्रतेवर संगणकाचा तास माझ्या गळ्यात पडला. तेव्हा हा एक्स्पर्टचा रिव्ह्यू समजू नका. पण नववीच्या ४२ पोरांकडून १० वेबसाइट करून घेतल्यात, त्याच्या आधी पैसे देऊन केलेला एक प्रयोगही बघितलाय, आणि आता स्टाफरूममध्ये रोज कोणी ना कोणी विचारतं की अगं आमच्या वर्गाला पण करायचंय, काय घेऊ, कसं करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पैसे दिलेलं आधी उरकते. मागच्या वर्षी शाळेने एका खाजगी कंपनीचा वेब डिझाइनचा वर्कशॉप घेतला होता, नाव घेत नाही, मुलामागे ६०० रुपये, दोन शनिवार. टाय लावलेले दोन दादा आले आणि त्यांनी प्रत्येकाला एक तयार साइट दिली, त्यात फक्त आपलं नाव, आपला फोटो आणि 'माझे छंद' एवढंच बदलायचं. म्हणजे वर्गाच्या सगळ्या साइट सेम टू सेम, छंद क्रिकेट नाहीतर मेंदी, आणि मागे कुठल्यातरी परदेशी बर्फाच्या डोंगराचा फोटो, जो आमच्या एकाही पोराने उभ्या आयुष्यात बघितलेला नाही. शेवटी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, पालक खूश. दोन महिन्यांनी सगळ्या लिंक बंद, कारण होस्टिंग, म्हणजे साइट नेटवर ठेवायची जागा, त्यांच्या अकाउंटवर होतं आणि पुढच्या वर्षाचे पैसे वेगळे. मी एका पोराला विचारलं, वेबसाइट म्हणजे काय रे? तर म्हणाला, "बाई, ज्याच्यात आपलं नाव टाकतात ते." पाचपैकी एक स्टार, तो पण सर्टिफिकेटच्या कागदासाठी, कागद खरंच जाड होता.

मग यंदा मुख्याध्यापक सरांना म्हटलं, मला टर्मचे १४ तास आणि तीन शनिवार द्या, पैसे नकोत. पैसे नकोत म्हटल्यावर परवानगी लगेच मिळते हा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदा गूगल साइट्स घेतलं. खरं सांगायचं तर चीज चांगली आहे. २००८ पासून आहे, आत्ता जे दिसतं ते नवं रूप २०१६ चं, फुकट आहे, जीमेल चालवता येणाऱ्या कोणालाही जमतं. ३५ मिनिटांच्या एका तासात एका गटाची साइट उभी राहिली, चौघं चार मशीनवरून एकाच पानावर काम करू शकतात, मोबाइलवर आपोआप नीट दिसतं, डाव्या उजव्या बाजूची मारामारी नाही. ज्यांच्याकडे दोनच तास आहेत, किंवा इतिहासाच्या बाईंना फक्त प्रोजेक्ट कागदाऐवजी स्क्रीनवर हवंय, त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं, पुढचं वाचू पण नका. साडेतीन स्टार.

माझी अडचण वेगळी होती. त्यात पोरांना चूक करायला जागाच नाही. बॉक्स ओढला, सोडला, झालं. आत काय चाललंय ते दिसत नाही, कोड उघडून बघता येत नाही, तयार थीममधली एक निवडली की झालं. दहापैकी तीन गटांनी करून दाखवलं आणि तिन्ही साइट लांबून बघितल्या तर बहिणी बहिणी वाटत होत्या. शिवाय त्याला सतत नेट लागतं, आणि आमच्या लॅबचं नेट म्हणजे श्रावणातलं ऊन, आत्ता होतं आणि आत्ता नाही. नेट गेलं की ४२ पोरं मोकळी, आणि ४२ मोकळी पोरं एका खोलीत म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून मग नोटपॅड. हो, तेच ते, विंडोजमध्ये आपण गॅस नंबर लिहून ठेवतो ते.

सुरुवात कोडने केलीच नाही. नेट होतं त्या दिवशी पोरांना जगातली पहिली वेबसाइट दाखवली. टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असताना १९८९ ला ही सगळी कल्पना कागदावर मांडली, १९९१ ला ती साइट बाहेरच्यांसाठी खुली झाली, आणि १९९३ ला सर्नने हे तंत्रज्ञान सगळ्यांना फुकट वापरायला सोडून दिलं. ते पहिलं पान सर्नने २०१३ ला परत त्याच्या जुन्या पत्त्यावर लावलंय, आजही उघडतं. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका, एक फोटो नाही. पोरं बघतच राहिली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढंच? हे तर आपल्याला पण येईल." मला तेवढंच हवं होतं. त्या दोन टायवाल्या दादांनी जे दाखवलं त्यातून हे कोणाच्याही तोंडून आलं नसतं.

नोटपॅडचे फायदे म्हणजे नेट लागत नाही, जुनाट मशीनवर चालतं (आमची लॅब अजून विंडोज ७ वर आहे, हसू नका), आणि जे लिहिलं ते तसंच्या तसं दिसतं. हेडिंगचा टॅग (टॅग म्हणजे हे काय आहे ते ब्राउझरला सांगणारी खूण), परिच्छेदाचा टॅग, फोटोचा, लिंकचा, यादीचा. पाच टॅगांवर पहिले चार तास निघाले आणि त्यात पान तयार होतं. बाकी रंग, मार्जिन वगैरे सजावटीचा कोड, म्हणजे सीएसएस, नंतर.

आणि आता त्रास, कारण रिव्ह्यूत फक्त कौतुक असेल तर तो रिव्ह्यू नसतो, जाहिरात असते.

पहिला राडा मराठीचा. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, आपोआप एएनएसआय धरतं, ज्यात देवनागरी बसत नाही, देवनागरी असेल तर एक सूचना येते की यातली युनिकोड अक्षरं जातील, चालेल का? आता सूचनेचा बॉक्स आला की ओके दाबायचं हे पोरांनी आपल्याकडूनच शिकलंय. पहिल्या दिवशी सात गटांनी ओके दाबलं. पूर्ण तासभर टाइप केलेलं मराठी, सगळं प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. एक मुलगी रडायलाच लागली आणि खरं सांगते, मलाही घाम फुटला, कारण मलाही कारण माहीत नव्हतं. घरी येऊन रात्री शोधलं. सेव्ह ॲज मध्ये खाली एन्कोडिंगला युटीएफ-८ करायचं, त्यात देवनागरी बसते, आणि ब्राउझरला तेच सांगणारी मेटा चारसेटची ओळ पानाच्या डोक्यावर टाकायची, बास. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये हे आपोआप युटीएफ-८ असतं, म्हणजे ज्यांची लॅब नवी आहे त्यांना हा धडा मिळणार नाही, त्यांचं नशीब. पण दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दाखवलं की कॉम्प्युटरला 'क' माहीत नसतो, त्याला नंबर माहीत असतो, आणि जगातल्या जवळपास प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एक नंबर ठरवून दिलाय त्याला युनिकोड म्हणतात. एरवी हे सांगितलं असतं तर अर्धा वर्ग झोपला असता. आदल्या दिवशी प्रश्नचिन्हं बघितलेली होती, म्हणून त्या दिवशी सगळे जागे.

दुसरा, फाइलच्या नावाचा. विंडोज नावाचं शेपूट (टिंबानंतरचं एक्स्टेन्शन) लपवतं, त्यामुळे पोरं इंडेक्स डॉट एचटीएमएल म्हणून सेव्ह करतात आणि खरं नाव होतं इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. डबल क्लिक केलं की वेबसाइट उघडायच्या ऐवजी परत नोटपॅड उघडतं. "बाई माझी वेबसाइट उघडत नाय", असं एका तासात अकरा वेळा ऐकलं, मोजलंय. फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन शेपूट दाखवायला लावा, हे पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखं तिसऱ्या आठवड्यात नको.

तिसरा सगळ्यात भारी, आणि तो पुढे होस्टिंगला आल्यावर कळला. फोटोचं नाव कोडमध्ये छोट्या इंग्रजी अक्षरांत, फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं, शेवटचं जेपीजी मोठ्या अक्षरांत. विंडोजला फरक पडत नाही, शाळेत सगळं झकास. ऑनलाइन चढवलं की फोटो गायब, कारण तिकडचा सर्व्हर मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं वेगळी धरतो. एका गटाचा तर फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत होता, म्हणजे तो फोटो जगात फक्त मशीन नंबर ९ वरच दिसणार. त्यांना समजावलं की बाबांनो, तुम्ही पाहुण्याला पत्ता सांगताय 'आमच्या घरातल्या कपाटाच्या डावीकडे'. हसले, पण कळलं.

होस्टिंगसाठी गिटहब पेजेस वापरलं. गिटहब म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं तेच. त्यात पेजेस नावाची सोय आहे, आपल्या फाइल चढवल्या की फुकट पत्ता मिळतो, साइट १ जीबीपर्यंत चालते आणि आमच्या दहाच्या दहा मिळून त्याच्या आसपास पण जात नाहीत. काळ्या स्क्रीनवर कमांड वगैरे मारायची गरज नाही, ब्राउझरमध्येच फाइल ओढून टाकता येतात, एकेक २५ एमबीपर्यंत. चढवल्यावर दिसायला कधी कधी दहाएक मिनिटं लागतात, तेवढ्यात पोरं रिफ्रेश रिफ्रेश करून माउसचा जीव घेतात. डेटाबेस, लॉगिन, फॉर्मचं उत्तर साठवणं असलं काही त्यावर होत नाही, नुसती साधी पानं, पण नववीला तेवढंच पाहिजे. अख्खा मेन्यू इंग्रजीत आहे हे मात्र मराठी माध्यमाच्या पोरांना जड जातं, मी फळ्यावर बटणांची चित्रं काढून ठेवली होती, हिरवं बटण, मग डावीकडचं, मग परत हिरवं.

अकाउंटचं एक सांगते, हे महत्त्वाचं आहे. गिटहबला अकाउंट काढायला वय १३ पूर्ण पाहिजे, आमची पोरं त्यात बसतात, तरी मी प्रत्येकाचं वेगळं काढलं नाही. एकच अकाउंट माझ्या ताब्यात, त्यात दहा फोल्डर. पासवर्ड विसरणे, मित्राचं बदलून ठेवणे, हे सगळं वाचलं. आणि साइटवर कोणाही मुलाचा चेहरा, आडनाव, फोन, घरचा पत्ता नाही, फक्त 'गट ४, नववी ब'. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायला सांगितलंय, म्हणून साध्या मराठीत एक पानी चिठ्ठी करून घरी पाठवली, सही करून आणा. ४२ पैकी ४१ आल्या. एकाच्या वडिलांनी विचारलं यात लोनबिन नाही ना. नाही म्हटलं, मग ती पण आली.

गिटहब पेजेसला साडेचार स्टार. अर्धा त्या इंग्रजी मेन्यूचा कापला.

आता हे सगळं टेक्निकल झालं, पण माझं मत विचाराल तर वेबसाइटच्या प्रोजेक्टमध्ये कोड हा चाराण्याचा भाग आहे. बाराणे आहेत ते विषय काय आणि वाचणार कोण यात. मी दोनच नियम ठेवले होते. विषय असा हवा की जिथे चालत जाता येईल किंवा घरात विचारता येईल, आणि कोड लिहायच्या आधी वहीत लिहायचं की हे पान कोण उघडणार आणि त्याला काय पाहिजे असणार. 'सगळे लोक' असं उत्तर आलं की वही परत. तीन गटांची तीन तीन वेळा परत गेली.

एका गटाने खाडीतले पक्षी घेतले. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात हे कळल्यावर वर्गातल्या दोन रोहितांचे पुढचे पंधरा दिवस काय हाल झाले ते विचारू नका. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ ला रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत घेतलं, हे त्यांनी शोधलं, पण मला आवडलं ते दुसरंच. करावे गावामागे चाणक्य नावाच्या पाणथळीवर दोन रविवार सकाळी उभं राहून त्यांनी स्वतः मोजणी केली आणि पानावर लिहिलं, 'आम्ही मोजले, चुकू शकतं, लांब होते'. एवढा प्रामाणिकपणा मोठमोठ्या साइटवर नसतो. आणि पक्षी गुलाबी का, तर जन्मतः करडे असतात आणि खाण्यातल्या शेवाळातून, बारीक जिवांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे रंग चढतो, हे माझ्या विज्ञानाच्या तासाला मी दोनदा सांगितलेलं होतं. कोणाच्या लक्षात नव्हतं. स्वतः टाइप केलं तेव्हा राहिलं.

रेल्वेवाल्या गटाने पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे इथून सुरुवात केली, जी पाठ्यपुस्तकात असतेच. मी म्हटलं, हे वाचायला तुमच्या पानावर कोण येईल? आपल्या नेरूळचं सांगा की. मग एकाच्या आजोबांनी सांगितलं की वाशीचा खाडीपूल १९७३ चा, पण लोकल पूल ओलांडून वाशीला आली ती १९९२ ला, तोपर्यंत बस नाहीतर काही नाही. मग ठाणे-वाशी २००४, मग उरणची लाइन, खारकोपरपर्यंत २०१८ आणि पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४. आजोबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यातलं लिहून काढलं, त्या पानावर वर्षं पाच आहेत आणि गोष्टी अकरा. मी दोन वेळा वाचलं.

आणि मासळीवाला गट. हा गट माझा लाडका, लपवत नाही. त्यातल्या एकाची आई मासळी विकायला बसते. त्यांनी वहीत वाचक लिहिला होता, 'सीवूड्सच्या टॉवरमधले नवीन लोक ज्यांना मासा ओळखता येत नाही'. मी लगेच सही केली. जिताडा, बोय, निवट्या, खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या, कालवं, प्रत्येकाचा बाजारात जाऊन काढलेला फोटो, खाली ताजा कसा ओळखायचा, साफ कसा करायचा. टाइप करायचा कंटाळा म्हणून पोरं मोबाइलला बोलून मजकूर घेत होती, त्यात निवट्यांचं निवडणूक झालं आणि तसंच पानावर चढलं, 'निवडणूक चिखलात सापडते'. हे मी काढायला लावलं खरं, पण जड मनाने.

यांच्याकडे भाषेचा प्रश्न आला. घरी आगरी बोलतात, पाण्याला पानी, कोळंबीला कोलंबी. एकाने विचारलं, "बाई, शुद्ध लिहायचं का आमचं लिहायचं?" मी पण थांबले जरा. शेवटी ठरवलं की समजावून सांगायचं ते प्रमाण मराठीत आणि आई, आजी जे बोलल्या ते त्यांच्या तोंडचं तसंच. 'अमावास्येला चिंबोरी भरलेली, पुनवेला पोकल' असं आजीच्या तोंडचं एक वाक्य आहे त्या पानावर, मराठीच्या बाईंनी 'पोकल'खाली लाल रेघ मारली, मी ती पुसली. आमचं दोघींचं अजून त्यावर चालूच आहे.

पान वर गेल्यावर दोनेक आठवड्यांनी तो मुलगा सकाळी धावत आला, हजेरी चालू होती. आदल्या दिवशी संध्याकाळी कोणी एक बाई त्याच्या आईच्या टोपलीसमोर उभी राहिली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, हा आहे का? आणि मोबाइलवर यांचंच पान. आईला वाचता येतं थोडंफार, पण फोटो तिचाच, मागे तिचीच टोपली, ती ओळखली. जिताडा घेतला त्या बाईने. मुलाला त्या दिवशी काही शिकवण्यात अर्थ नव्हता.

मोबाइलवरून आठवलं. मी राहते ठाण्याला, येते-जाते ट्रान्सहार्बरच्या लोकलने, आणि पोरांची पानं तपासायची ती गाडीतच. पहिल्या दिवशी उघडलं तर अक्षरं मुंगीएवढी, दोन बोटांनी ओढून ओढून वाचायचं. व्ह्यूपोर्टची एक ओळ टाकायची राहिली होती, ती टाकली की पान मोबाइलच्या रुंदीला बसतं. आणि फोटो मोबाइलमधून जसे आले तसे, एकेक चार-पाच एमबीचा. ऐरोलीला पान उघडलं, घणसोलीला अर्धा जिताडा दिसला, तुर्भ्याला शेपटी आली. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सांगितलं आणि मग फोटो छोटा कसा करायचा ते शिकवलं, २०० केबीच्या आत आणा म्हटलं. स्क्वूश नावाचं एक फुकटचं टूल ब्राउझरमध्येच चालतं, डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा, मधली रेघ सरकवत बसतात पोरं. तुम्ही करून घेणार असाल तर एकच सल्ला, पानं लॅबमध्ये तपासू नका, गर्दीच्या गाडीत तपासा.

फॉन्टबद्दल थोडं. गूगल फॉन्टवर मराठीसाठी चांगले फॉन्ट फुकट आहेत. मुंबईच्याच एक टाइपचे मुक्त आणि बलू आम्ही वापरले, मुक्त वाचायला, बलू हेडिंगला. एका चिकित्सक मुलीने तक्रार केली की बाई माझा 'ल' आणि 'श' हिंदीच्या पुस्तकासारखा दिसतोय, आपला नाही. बरोबर होतं तिचं. टिरो देवनागरी मराठी म्हणून एक आहे त्यात आपल्या वळणाची अक्षरं येतात, तो दिला, समाधान. आमच्या ऑफिसमधून शाळेचा इतिहास मिळाला होता, तो कुठल्यातरी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, पेस्ट केल्यावर नुसतं मंत्रतंत्र. तो गट बिचारा सगळं परत टाइप करत बसला.

एक गंमत जी मी शिकवली नव्हती. कोणीतरी राइट क्लिक करून इन्स्पेक्ट, म्हणजे पानामागचा कोड दाखवणारी ब्राउझरची सोय, शोधलं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर जाऊन मजकूर बदलता येतो, आकडे बदलता येतात, असं दिसलं आणि लॅबमध्ये एकच कल्ला, "बाई आम्ही हॅक केलं!" एकाने बातमीच्या साइटवर हेडिंग केलं 'नेरूळच्या शाळांना उद्यापासून सुट्टी' आणि स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दोन पालकांचे मला फोन. मग पूर्ण तास त्याच्यावरच घेतला, की हे फक्त तुझ्या मशीनवर बदललंय, रिफ्रेश कर आणि बघ, पण स्क्रीनशॉटला रिफ्रेश नसतो. त्या दिवसापासून ही पोरं घरी कोणी मार्कशीटचा, बातमीचा, बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट दाखवला की म्हणतात लिंक दाखवा. हे सिलॅबसमध्ये कुठेच नव्हतं आणि माझ्या मते १४ तासांतला सगळ्यात कामाचा तास तोच.

एआयचं पण विचारणार तुम्ही. हो, एक गट अख्खं पान चॅटजीपीटीकडून करून घेऊन आला, जांभळा रंग, सरकणारी बटणं, एकदम चकाचक. मी ओरडले नाही. एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही काढली तर काय होईल? चौघं एकमेकांकडे बघायला लागली. काढा आणि बघा म्हटलं. तासभर एकेक ओळ काढून, परत टाकून बघत बसली, तीच त्यांची शिकवणी झाली. मजकूर मात्र त्यांचा त्यांनाच परत लिहायला लावला, कारण त्यात नेरूळला 'निसर्गरम्य शहर' म्हटलं होतं, आणि त्यापलीकडे काहीच नव्हतं.

काय जमलं नाही ते पण सांगते. १८ मशीन आणि ४२ पोरं, त्यामुळे प्रत्येक गटात एक टाइप करणार, एक सांगणार आणि दोन खिडकीबाहेर बघणार. फिरती कामं ठेवली तरी दोन-तीन पोरं अशी आहेत ज्यांनी एकही टॅग स्वतः लिहिला नसेल, मला माहीत आहे ती कोण. पुढच्या वेळी तिघांचा गट. शिवाय दहापैकी दोन साइट अर्धवटच आहेत, एकीवर अजून 'इथे फोटो येईल' लिहिलंय. आणि काढून टाकायचं शिकवायला मी विसरले, म्हणजे चुकीची माहिती दुरुस्त कशी करायची, पान जुनं झालं तर काय. बसच्या वेळापत्रकावाल्या गटाचं पान महिन्याभरात खोटं पडलं आणि कोणीतरी त्यावर भरवसा ठेवून स्टॉपवर उभं असेल या विचाराने मला बरं वाटत नाही. ते पान आता त्यांनी खाली घेतलंय.

खर्च विचारतात सगळे. चार पेनड्राइव्ह १४०० रुपये, संमतीपत्रांच्या झेरॉक्स ८४ रुपये, तीन शनिवारचे वडापाव मी दिले ते धरत नाही. कंपनीच्या हिशोबाने हेच ४२ पोरांचे २५,२०० झाले असते. आणि सगळ्या साइट पेनड्राइव्हवर फोल्डरमध्ये आहेत, उद्या होस्टिंग बदलायचं झालं तर फोल्डर उचलला आणि दुसरीकडे टाकला.

एकूण नोटपॅड अधिक गिटहब पेजेस, वर्गासाठी, पाचपैकी सव्वाचार. दोनच तास असतील तर गूगल साइट्स. तयार साइटवर नाव बदलून देणारे आले तर गेटवरूनच परत. पुढच्या नववीला नवीन विषय देणार नाही, याच दहा साइट देणार, तपासा आणि दुरुस्त करा म्हणून, मासळीवाल्यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की आमच्या पानाला हात लावायचा नाही.

आणि शाळेतलं कोणी वाचत असेल तर, १८ पैकी सहा माउस डबल क्लिक घेत नाहीत, ते तेवढे बदला.